झालं नाही तर?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात १९७७ साली एका खटल्याचा निकाल लागला. एका बाईंनी दुकानातून पाककृतींचं पुस्तक आणलं होतं. त्यातला एक पदार्थ करायला घेताना त्यांनी डॅशीन नावाच्या कंदाची कच्ची फोड तोंडात टाकली आणि ओठांपासून घशापर्यंत आग उठली. ठसका लागला, श्वास कोंडला, पोटात कळा आल्या. हा कंद कच्चा खायचा नसतो हे पुस्तकाने सांगायला हवं होतं, असं म्हणून त्यांनी पुस्तक विकणाऱ्या दुकानावर दावा लावला. कोर्टाने तो फेटाळला. विक्रेता पुस्तक नावाच्या वस्तूची हमी देतो, त्यातल्या मजकुराची नाही, हे त्या निकालाचं सार.

डॅशीन म्हणजे आपली अळकुडी. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते जिभेत, घशात रुततात. कोकणातल्या कुठल्याही आजीला हा खटला सांगितला तर ती विचारील, ‘पण कच्चा अळू तोंडात घातलाच कशाला?’ तिला रसायनशास्त्र माहीत नसेल, पण अळू चिरताना हाताला तेल लावायचं आणि शिजवताना चिंच किंवा आमसूल घालायचं, हे तिला माहीत असतं. ही सावधगिरी आपल्या स्वयंपाकात वेगळी सूचना म्हणून कधी सांगितली जात नाही. ती कृतीच्या पायरीतच मुरलेली असते. तेल लावणं ही पायरी आहे, इशारा नाही. शिवाय शिकवणारी समोर उभी असते. सून सुरी कशी धरते, तिचं लक्ष कुठे आहे, हे तिला दिसतं आणि ती वेळेवर ओरडू शकते. पुस्तकाला ओरडता येत नाही. व्हिडिओलाही नाही.

गेल्या वीसेक वर्षांत घरच्या घरी काहीतरी बनवण्याच्या कृतींचा पूर आला आहे. इन्व्हर्टर दुरुस्त करा, सायकलला मोटर लावा, जुन्या मायक्रोवेव्हमधून भाग काढा, नळाची गळती थांबवा, साबण बनवा. यात वाईट काही नाही. उलट जे ज्ञान पूर्वी कारागिराच्या घराबाहेर पडत नव्हतं ते आज कुणालाही मिळतं, ही मोठीच गोष्ट आहे. प्रश्न एवढाच की कृती लिहून किंवा दाखवून आपण बाजूला झालो, आणि ती करताना कुणाचा हात भाजला, तर आपला त्याच्याशी काय संबंध?

कायद्याचं उत्तर बरंचसं ‘काही नाही’ असं आहे. निदान अमेरिकेत, जिथे असे खटले जास्त झाले. अवजारं घडवण्याच्या पुस्तकातली कृती करताना घडवत असलेलं अवजारच फुटून एक वाचक जखमी झाला. इलिनॉयच्या अपील कोर्टाने १९८५ मध्ये प्रकाशकाला मोकळं सोडलं. जंगली अळंब्यांच्या एका ज्ञानकोशावर विसंबून दोघांनी अळंब्या खाल्ल्या; दोघांवर यकृतरोपणाची वेळ आली. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने पुन्हा तेच सांगितलं की, पुस्तकातला प्रत्येक शब्द तपासण्याचं बंधन प्रकाशकावर घालता येणार नाही. घातलं तर लोक लिहायलाच घाबरतील. हा युक्तिवाद मला पटतो. पण कायदा सुटका करतो म्हणून जबाबदारी संपते असं नाही. ती लिहिणाऱ्याच्या गळ्यात तशीच राहते.

याच कोर्टाने एक अपवाद मात्र मान्य केला होता, आणि तो आपल्या विषयाला फार जवळचा आहे. १५ नोव्हेंबर १९६४ रोजी लास व्हेगासला उतरणारं एक विमान डोंगराला धडकलं. आतले सगळे २९ जण गेले. वैमानिक जेपेसन कंपनीचा नकाशा वापरत होते. नकाशावर दोन चित्रं होती. वरून दिसणारा मार्ग १५ मैलांचा, आणि बाजूने दिसणारा उतार फक्त ३ मैलांचा. दोन्ही मात्र एकाच प्रमाणात काढल्यासारखी दिसत होती. नकाशावरचे शब्द आणि आकडे अचूक होते, हे कोर्टाने मान्य केलं. तरीही १९८१ च्या निकालात नकाशा सदोष ठरला, कारण नकाशाचं काम नजर टाकताच कळणं हे आहे, आणि नजर टाकताच तो चुकीचं सांगत होता. पुढे अळंब्यांच्या खटल्यात कोर्टाने फरक सांगितला तो असा: नकाशा हा होकायंत्रासारखं साधन आहे, तर होकायंत्र कसं वापरावं हे सांगणारं पुस्तक म्हणजे निव्वळ विचार.

आता आजचा व्हिडिओ या दोहोंपैकी कशात बसतो? माझ्या मते नकाशाच्या बाजूला झुकतो. बघणारा तो वाचत नाही. त्यात दिसणाऱ्या हातांच्या मागोमाग आपले हात चालवतो. आणि प्रमाण चुकवण्याची खोडही त्याच्यात आहे, फक्त इथे ते अंतराचं नसून वेळेचं असतं. चाळीस मिनिटांचं काम चाळीस सेकंदांत दिसतं. मधली थांबण्याची, थंड होऊ देण्याची, प्लग काढून ठेवण्याची मिनिटं कात्रीत जातात. बोललेला शब्द न् शब्द खरा, आणि एकूण चित्र खोटं.

याचं सगळ्यात भीषण उदाहरण लाकडावरच्या विजेच्या नक्षीचं. गटिंगेन विद्यापीठातले गेओर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबर्ग यांना १७७७ मध्ये राळेच्या पृष्ठभागावर साचलेल्या विद्युतभारामुळे धुळीत झाडाच्या फांद्यांसारख्या आकृत्या उमटलेल्या दिसल्या. तशीच नक्षी ओल्या लाकडात उच्च दाबाची वीज सोडून जाळता येते. दिसते अप्रतिम. त्यासाठी हौशी लोक मायक्रोवेव्ह ओव्हनमधला ट्रान्सफॉर्मर काढून वापरू लागले. पुढची जोडणी इथे लिहिणार नाही. पण तो जीव का घेतो हे मात्र समजून घ्यायला हवं.

हा ट्रान्सफॉर्मर घरातल्या विजेचा दाब सुमारे दोन हजार व्होल्टपर्यंत चढवतो. हिवाळ्यात स्वेटर काढताना बसणारा चटकाही हजारो व्होल्टचा असतो, पण त्यात प्रवाह नगण्य आणि क्षणभराचाच. इथे तसं नाही. छातीतून एक दशांश अँपिअरहूनही कमी प्रवाह गेला तरी हृदयाचे ठोके विस्कटून ते थांबू शकतं, आणि हा ट्रान्सफॉर्मर त्याच्या कितीतरी पट प्रवाह देऊ शकतो. घरात ईएलसीबी किंवा आरसीसीबी बसवलेला आहे म्हणून निर्धास्त राहणारा तर इथे पुरता फसतो. ते उपकरण फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच मोजतं. ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या गुंडाळीतली वीज हे एक वेगळंच मंडळ असतं. त्या मंडळात माणूस सापडला तरी मुख्य बाजूचा हिशोब जुळतो आणि स्विच पडत नाही.

अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या लाकूडकामाच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत आणि प्रकाशनांत या प्रकारावर बंदी घातली. तिने नोंदवलेल्या मृत्यूंची संख्या तीसच्या पुढे गेली आहे. गेलेल्यांमध्ये विजेचं काम जाणणारेही होते. त्यामुळे ‘अडाणी लोक मरतात’ हे उत्तर पुरत नाही. नक्षी पुढे सरकत नाही, म्हणून वायरचं टोक जरा हलवावं, पाणी शिंपडावं, लाकूड सारखं करावं, असं वाटतं, आणि आपण वीज बंद केली आहे की नाही याचा क्षणभर विसर पडतो. व्हिडिओत हा क्षण नसतो. तिथे नक्षी पहिल्याच फटक्यात उमटते.

मला या सगळ्या विषयाचं मर्म इथेच दिसतं. कृती सांगणारा नेहमी ‘झालं तर’ची गोष्ट सांगतो. अपघात ‘झालं नाही तर’मध्ये असतो.

२०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात जे घडलं ते अगदी याच नमुन्याचं होतं. प्लॅस्टिकच्या पाइपची ‘कार्बाइड गन’ रील्समधून पसरली, बाजारात दीडशे-दोनशे रुपयांत मिळू लागली, आणि डोळ्यांना इजा झालेली शंभराहून अधिक मुलं रुग्णालयांत आली. काहींची दृष्टी गेली. कॅल्शियम कार्बाइड म्हणजे आंबे पिकवण्यासाठी चोरून वापरलं जातं तेच; फळांसाठी त्याच्या वापरावर देशात बंदी आहे. पाण्याशी संयोग झाला की त्यातून अ‍ॅसिटिलीन वायू सुटतो, जो वेल्डिंगवाले वापरतात. रीलमध्ये बार उडतो, मुलं नाचतात. प्रत्यक्षात तो पुष्कळदा उडत नाही. मग नऊ-दहा वर्षांचं पोर काय करील? नळीत डोकावून बघेल. वायू आत साचतच असतो.

त्यात दुसरं संकट असं की कार्बाइडची विक्रिया झाल्यावर चुना मागे उरतो. डोळ्यात आम्ल गेलं तर वरचा थर बहुधा साकळून आम्लाला थोडा अडसर होतो. अल्कली मात्र ऊती विरघळवत आत उतरत जाते. म्हणून असं काही डोळ्यात गेलं तर चोळत न बसता लगेच नळाच्या स्वच्छ पाण्याने डोळा उघडा धरून निदान पंधरा-वीस मिनिटं धुवायचा आणि तसंच डॉक्टरकडे जायचं. हे वाक्य अशा रीलमध्ये सहसा नसतं, आणि ते घातलं असतं तर मुलांची बंदूक करायची इच्छा बऱ्याच आईबापांनी हाणून पाडली असती.

अशा कृती दाखवणाऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं, ‘मी दहा वेळा केलंय, मला काही झालं नाही.’ ते खरंही असतं. पण हिशोब करून बघा. समजा, एखाद्या कृतीत हजारात एकदा अपघात होतो. दहा वेळा करणाऱ्याला काही न होण्याची शक्यता ९९ टक्के. म्हणजे त्याचा अनुभव त्याला काहीच सांगत नाही. आता तो व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला आणि त्यातल्या शंभरात एकाने करून बघितला, तर दोन हजार माणसं झाली. अपघात सरासरी दोन. करणारा एकटा असताना जी जोखीम डोळ्यात भरत नाही ती प्रेक्षक वाढले की कुणाच्या तरी घरात बहुधा उतरतेच. हौसेने केलेलं आणि हौसेने पसरवलेलं, या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिलीची परवानगी स्वतःला देता येते.

शिवाय करणाऱ्याचं घर आणि बघणाऱ्याचं घर एक नसतं. मला सगळ्यात भीती वाटते ती वायरींच्या रंगांची. अमेरिकेत घराच्या वायरिंगमध्ये काळी वायर म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या लाल, पिवळी, निळी या फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग. म्हणजे तिकडच्या व्हिडिओत ‘जिवंत’ असलेली काळी वायर इकडे न्यूट्रल, आणि इकडे जिला बिनधास्त हात लावायची सवय ती काळी तिकडे मारणारी. त्यात मिक्सर-इस्त्रीच्या नव्या कॉर्डमध्ये तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल असते, तर भिंतीतली निळी फेजही असू शकते. दाबाचाही फरक आहेच, तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. पुण्यात बसून टेक्सासच्या माणसाचा व्हिडिओ बघणाऱ्याला हे कोण सांगणार? सांगायला हवं ते टेक्सासच्या माणसाने. ‘हे माझ्या देशातल्या रंगांप्रमाणे आहे, रंगावर विसंबू नका, टेस्टर लावून बघा’ एवढं एक वाक्य. आणि मराठीत असे व्हिडिओ करणाऱ्यांनीही ते म्हणावं, कारण त्यांचे प्रेक्षक दुबई, लंडन आणि न्यू जर्सीतही आहेत.

वाचकाचं घर गृहीत न धरता कृती कशी लिहावी याचा एक नमुना मला अमेरिकन कृषी खात्याच्या डबाबंद खाद्यपदार्थांच्या मार्गदर्शिकेत दिसतो. तिकडे घरोघरी भाज्या-फळं बरण्यांत बंद करून ठेवतात. हवा नसलेल्या बरणीत, आम्ल कमी असेल तर, क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जिवाणू वाढून प्राणघातक विष तयार करतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. सीमारेषा आहे पीएच ४.६ ची. टोमॅटो नेमका या रेषेच्या आसपास असतो, कधी अलीकडे कधी पलीकडे. म्हणून मार्गदर्शिका सांगते की, क्वार्टभर, म्हणजे साधारण एक लिटर, टोमॅटोत दोन मोठे चमचे लिंबाचा रस घाला, आणि तो बाटलीतला घ्या. ताजा लिंबू स्वयंपाकात कधीही सरस, पण त्याचं आंबटपण झाडागणिक बदलतं, बाटलीतल्या रसाचं ठरवून दिलेलं असतं. एका विशेषणात केवढी सुरक्षितता आहे! आणि पुढे ती विचारते, तुमचं गाव समुद्रसपाटीपासून किती उंच? हजार फुटांच्या वर असेल तर वेळ किंवा दाब वाढवा, कारण उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं. महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटरवर. तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. मुंबईत जमलेली कृती तिथे कच्ची राहू शकते. ही मार्गदर्शिका कुणाच्या अनुभवावर नाही, प्रयोगशाळेत मोजून लिहिलेली आहे, आणि नवं काही कळलं तसतशी बदलत आली आहे.

एवढं प्रत्येकाला शक्य नाही, हे उघड आहे. पण यंत्रांच्या सुरक्षेचा एक जुना क्रम आहे, तो कुणालाही पाळता येतो. आधी धोकाच काढून टाकता येतो का बघा. नसेल तर त्याच्या आणि माणसाच्या मध्ये आडोसा घाला. इशारा सगळ्यात शेवटी, उरलेल्या धोक्यापुरता. कृती लिहिणारे बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात. धोका तसाच ठेवून वर एक ओळ लिहितात, ‘आपल्या जबाबदारीवर करा.’ या ओळीचा उपयोग लिहिणाऱ्याला होतो, करणाऱ्याला नाही. तिच्यात कशाची भीती, कुठल्या पायरीला, काय केलं तर टळेल, यातलं काहीच नसतं. ‘काळजी घ्या’ हेही तसंच. कशाची काळजी? ‘टाकाऊ पॅलेटचं लाकूड घेऊ नका, त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असू शकते, एमबी असा शिक्का असेल तर बाजूला ठेवा’, ही झाली काळजी.

क्रम सुलटा लावणारं उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. अरविंद गुप्ता यांनी आयुका या संशोधन संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रातून शेकडो खेळणी जगाला दिली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. साहित्य साधंच: काड्यापेटीतल्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुनी वर्तमानपत्रं, स्ट्रॉ. त्यांची साधी मोटर बघा: दीड व्होल्टचा एक सेल, दोन सेफ्टीपिना, एनॅमलची तांब्याची तार आणि एक चुंबक. ती मुलांच्या हातून पहिल्या खेपेला क्वचितच फिरते. तारेचं एनॅमल नीट खरवडलेलं नसतं, वेटोळं तोललेलं नसतं. मग मूल ते काढतं, डोकावतं, बोट लावतं, पुन्हा बसवतं. काय होईल? फार तर तार गरम लागेल. या खेळण्यांची मोठी हुशारी मला स्वस्तपणात दिसत नाही, ती यात दिसते की इथे फसलेला प्रयोग निरुपद्रवी आहे. ऊर्जाच इतकी थोडी घेतली की इशाऱ्याची गरज उरत नाही. त्या सेलच्या जागी कुणी मुलांना थेट प्लगमधल्या विजेवर मोटर शिकवली असती तर इशाऱ्यांची पाटी भिंतभर लावूनही ती पुरली नसती.

सगळंच दीड व्होल्टमध्ये बसत नाही, हे मान्य. साबण करायचा तर कॉस्टिक सोडा लागतोच. पण तिथेही ‘पाण्यात सोडा, सोड्यात पाणी नाही’ हे साहित्याच्या यादीवर नाही, त्या पायरीत लिहावं, आणि कारणासकट: सोड्यावर पाणी ओतलं की एकदम उष्णता सुटून उकळतं द्रावण उडतं. कारण कळलं की माणूस न लिहिलेल्या प्रसंगातही बरोबर वागतो. नुसता नियम माहीत असलेला घाईत असला की मोडतो. दुसरीकडे, प्रत्येक पायरीला गॉगल घाला, मोजे घाला, मुलांना दूर ठेवा असं चिकटवत गेलं की वाचणारा सगळेच इशारे ओलांडून पुढे जातो, त्यातला एक खरा असतो तोही.

यूट्यूबसारख्या व्यासपीठांवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅन रिअर्डन या अन्नशास्त्र शिकलेल्या यूट्यूबर २०२२ मध्ये लाकडावरच्या नक्षीच्या प्रकाराचे धोके सांगणारा व्हिडिओ घेऊन आल्या. यूट्यूबने ‘धोकादायक कृत्य’ म्हणून त्यांचाच व्हिडिओ काढला; कृती शिकवणारे व्हिडिओ तेव्हाही तिथेच होते. आरडाओरडा झाल्यावर तो परत आला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ काही अटींवर अशा कंपन्यांना दुसऱ्यांनी टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून सूट देतं. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, पण कृती दाखवणारा आणि अपघात यांच्या मध्ये करणाऱ्याचा स्वतःचा निर्णय उभा असतो, तो ओलांडून दोष सिद्ध करणं सोपं नाही.

राहता राहिली चूक दुरुस्त करण्याची गोष्ट. छापील पुस्तकाची पुढची आवृत्ती निघते. यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओचा भाग कापता येतो, पण त्या जागी दुरुस्त केलेली नवी फाइल ठेवता येत नाही. नवा व्हिडिओ चढवावा लागतो आणि जुन्याचे दर्शक, आवडी, पुढे ढकलणारा सगळा जोर शून्यावर येतो. म्हणून ज्यांना चूक कळली आहे असे लोकही बऱ्याचदा खाली माहितीच्या चौकटीत एक ओळ वाढवतात आणि व्हिडिओ तसाच ठेवतात. तो तसाच उतरवून घेतला जातो, त्याचे तीस सेकंदांचे तुकडे होतात, ते तुकडे गावच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात. चौकटीतली ओळ त्यांच्याबरोबर जात नाही. जे हातांच्या बरोबर, त्याच चौकटीत, त्याच क्षणी बोललं गेलं होतं, तेवढंच जातं.